शाईला पाय फुटले

आपला कुणावर विश्वास नाही, हे गोपीनाथला मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की माझा सगळ्यांवर विश्वास आहे, मी फक्त खात्री करून घेतो. ही खात्री म्हणजे काय ते त्याच्या दूधवाल्याला विचारावं. बिचारा दूध घालून जिना उतरताना मागे वळून बघायचा नाही, कारण वर गोपीनाथ पातेलं उजेडाला धरून उभा असायचा. उत्तरा, म्हणजे त्याची बायको, शेजारणींना सांगायची, "आमचे हे आरशात बघतानासुद्धा आधी मागे कोण उभंय ते बघतात."

आणि नेमक्या अशा माणसाच्या दुकानातल्या शाईला पाय फुटले.

दुकान म्हणजे ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत, बाजाराच्या तोंडाशी असलेला फोटो स्टुडिओ. आत माणसं दोनच. एक गोपीनाथ आणि दुसरी त्याची धाकटी बहीण कलावती. कलावतीच्या नवऱ्याने डोंबिवलीत तिच्या डोळ्यांदेखत दुसरा संसार मांडला, तेव्हा ती एक बॅग घेऊन भावाच्या दारात आली. तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती आणि दुकानात त्याच्या बरोबरीने राबत होती. आधी डार्करूममध्ये, आणि गेल्या वर्षापासून कॉम्प्युटरवर. दुकानाला किल्ल्या दोन होत्या, एक त्याच्याकडे आणि एक तिच्याकडे.

डार्करूम काही हौसेने बंद केली नव्हती. नव्वद सालानंतर सगळं जग रंगीत झालं. लग्नं, बारशी, पासपोर्ट, सगळं रंगीत, आणि ते धुवायला पश्चिमेच्या लॅबमध्ये पाठवलं की काम झालं. काळ्यापांढऱ्याचा चांगला कागद मिळेनासा झाला. पण काळ्यापांढऱ्याचं गिऱ्हाईक काही संपलं नव्हतं, कारण गेलेली माणसं सगळी काळीपांढरीच होती. आसपासच्या गावांतून, खाडीकाठच्या कोळीवाड्यांतून नवी घरं उठत होती, आणि प्रत्येक नव्या घराच्या हॉलमध्ये आजा-पणज्याचा मोठा फोटो लागत होता. लोक कुठल्या तरी ट्रंकेतून बोटाएवढा, कोपरे दुमडलेला फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, मोठा करून द्या. त्यासाठी गोपीनाथने कॉम्प्युटर, स्कॅनर आणि शाई फवारणारा प्रिंटर घेतला.

आता गोपीनाथने प्रिंटर घेतला म्हणजे तो कसा घेतला असेल, याची कल्पना करावी. वागळे इस्टेटमधल्या पंढरी नावाच्या विक्रेत्याला त्याने घाम फोडला. शाई ओरिजिनल कशावरून? खोक्याचं सील कुणी आधी उघडलेलं नाही कशावरून? काळी आणि रंगीत अशा दोन वेगळ्या डब्या कशाला, मला तर काळंच छापायचंय? पंढरीने हात जोडून सांगितलं, "शेट, मशीनच तसं आहे. दोन खाचा, दोन कार्ट्रिज. रंगीत राहू दे पडून, काय खायला मागते का?"

मग ड्रायव्हर आला. प्रिंटरबरोबर एक सीडी होती आणि तिच्यात प्रिंटरचा ड्रायव्हर होता. "गाडीला ड्रायव्हर लागतो ना, तसा प्रिंटरला पण लागतो. फोटो कसा छापायचा ते तो ठरवतो," पंढरीने समजावलं. गोपीनाथच्या मनात तिथेच पाल चुकचुकली होती. जो ड्रायव्हर डोळ्यांना दिसत नाही, तो गाडी कुठे घालतोय हे मालकाला कळणार कसं?

ड्रायव्हरच्या खिडकीत दोन पर्याय होते. एक, फक्त काळी शाई. दुसरा, फोटो. पंढरीने एकाच म्हाताऱ्याचा फोटो दोन्हींवर छापून दाखवला. पहिल्यात म्हाताऱ्याच्या गालावर मिरपूड भुरभुरवल्यासारखे ठिपके होते. दुसऱ्यात गाल लोण्यासारखा, करडा रंग उजेडातून अंधारात कसा सावकाश उतरत गेलेला. डार्करूममध्ये पंचवीस वर्षं घालवलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? गोपीनाथने दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं आणि कलावतीला बजावलं, "हा पर्याय हलवायचा नाही. कुणी सांगितलं तरी." तिनेही तो कधी हलवला नाही.

पहिली रंगीत कार्ट्रिज संपल्याची सूचना पडद्यावर आली, तेव्हा गोपीनाथला वाटलं, माल जुना असेल, सुकला असेल. त्याने दुसरी आणली. ती बसवून फार दिवस झाले नाहीत तोच पुन्हा तीच सूचना आली. काळी मात्र जवळपास भरलेली.

गोपीनाथ खुर्चीत बसूनच राहिला. दुकानात एकही रंगीत फोटो या मशीनवर छापला जात नाही. दिवसभर काळंपांढरं. मग काळी शाई तशीच आणि रंगीत खलास, हे कसं?

आधी संशय अर्थातच पंढरीवर गेला. गोपीनाथ ती डबी रुमालात गुंडाळून वागळे इस्टेटला गेला आणि म्हणाला, "अर्धी भरलेली विकतोस?"

"शेट, सील तुम्हीच फोडलेलं. चष्मा लावून फोडलेलं," पंढरी म्हणाला. "आणि वापरल्याशिवाय शाई संपत नाही हो. मी विकतो, मी पितो काय? कोणतरी छापत असणार. दुकानात दुसरं कोण बसतं?"

पंढरी साधा विक्रेता. मशीनच्या पोटात काय चालतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, त्याने आपली मान सोडवली एवढंच. पण 'दुसरं कोण बसतं' हे शब्द गोपीनाथच्या कानात गेले ते गेलेच. परत येताना त्याने रिक्षाच्या मीटरकडेही बघितलं नाही. रिक्षावाल्याने कोपरीच्या पुलाखालून उगाच लांबून आणलं, तेही त्याच्या लक्षात आलं नाही, यावरून काय ते समजावं.

कलावती? छे. ती असं करणार नाही. पण करणार नाही म्हणजे काय, खात्री करायला काय हरकत आहे?

आणि एकदा बघायला लागलं की दिसतंच. तो दुपारी बाहेरचं काम उरकून परत आला की कलावती पडद्यावरचं काहीतरी झटकन बंद करायची. फोन आला की ती दाराकडे पाठ करून हळू बोलायची. एका दुपारी ती 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून कल्याणला गेली आणि दिवेलागणीला आली, पण मैत्रिणीचं नाव काही तिने घेतलं नाही. वर एक दिवस तिनेच विचारलं, "दादा, रविवारी तू दुकानात आलेलास का?"

"का?"

"काही नाही. सहज."

सहज! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. गोपीनाथने मनाशी सगळं जुळवून टाकलं. कल्याणला कुणीतरी आहे. त्याच्यासाठी ही इथे रंगीत फोटो छापते. आपला कागद, आपली शाई. आणि काळी डबी भरलेली का? तर बाहेरून स्वस्तातली शाई आणून भरून ठेवते, म्हणजे आपल्याला वाटावं की मशीन फार चालतच नाही. यावर कुणी विचारलं असतं, की बाबा रे, जिला एवढी अक्कल आहे ती रंगीत डबी नाही का भरून ठेवणार? पण संशयी माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. त्याच्या गणितात फक्त बेरीज असते.

टेंभी नाक्याला त्याच्या ओळखीचा एक सोनार होता. गोपीनाथ शनिवारी संध्याकाळी नव्याने आणलेली तिसरी रंगीत कार्ट्रिज काढून त्याच्याकडे गेला आणि ती सोन्याच्या काट्यावर तोलून घेतली. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा तोलून घेतली. सोनाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "काय गोपीनाथ, शाईचे दागिने घडवायचेत का?" गोपीनाथ हसला नाही. काटा खोटं बोलत नव्हता. डबी हलकी झाली होती, आणि सोमवारी-मंगळवारी दुपारभर दुकानात कलावती एकटीच होती.

त्याला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. घरी ताटावर बसलं की समोर कलावती वाढायला यायची, आणि तो ताटातून नजर वर उचलायचा नाही. आपलीच बहीण, आपल्याच घरात. पण त्या वाईट वाटण्यात एक गोडीही होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. आपलं डोकं कुणी फिरवू शकत नाही, आपण पकडलं, ही ती गोडी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोपीनाथच्या लेखी ती संशयाच्या खात्यात बसतच नव्हती, म्हणून आतापर्यंत आली नाही. दिवाळीत कलावती निळी साडी नेसून दुकानात आली होती. गोपीनाथने तिला पडद्यासमोर बसवून तिचे दोन-तीन रंगीत फोटो काढले. पुढे लॅबमधून ते धुऊन आले, तेव्हा त्यातला एक त्याने गुपचूप कल्याणच्या आवडाबाईकडे दिला. आवडाबाई म्हणजे लग्नं जमवणारी बाई. बिजवर असला तरी चालेल, मुलं असली तरी चालेल, माणूस बरा बघा, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. कलावतीला यातलं काही बोलला नव्हता. आधीच पोळलेली बाई, विचारलं तर नाहीच म्हणेल. जमलं की सांगू. यात लपवाछपवी कसली? भावाने बहिणीचं भलं बघायचं नाही तर कुणी?

उत्तरालासुद्धा त्याने गप्प राहायला सांगितलं होतं. उत्तरा गप्प राहिली, पण तिच्या स्वभावाप्रमाणे अर्धीच. एकदा भाजी निवडता निवडता ती कलावतीला म्हणाली, "तुझं अजून वय काय गेलंय?"

बुधवारी गोपीनाथने सापळा लावला. रात्री दुकान बंद करताना त्याने रंगीत कार्ट्रिज काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकून घरी नेली. सकाळी तोच डबा भरून आला, वरच्या पुडात चपाती-भाजी आणि खालच्या पुडात शाई. हेतू असा, की डबी नाही म्हटल्यावर जिला रंग लागतो ती बोलेल.

कलावतीने कॉम्प्युटर चालू केला. एका आजीचा काळापांढरा फोटो छापायचा होता. तिने हुकूम दिला आणि प्रिंटर ढिम्म. केशरी दिवा लुकलुकायला लागला. तिने झाकण उघडलं.

"दादा, रंगाची डबी कुठाय?"

गोपीनाथ याच वाक्याची वाट बघत होता. "कशाला पाहिजे? आपण काळंपांढरं छापतो ना?"

"अरे पण मशीन चालत नाहीये."

"काळी आहे की भरलेली. तेवढ्यावर छाप."

"नाही छापत ते. बघ तू." तिने पुन्हा बटण दाबलं. दिवा लुकलुकतच राहिला. मग तिने वळून भावाच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. "तू काढलीस."

"हो, मी काढली."

"का?"

"कला, ताकाला जाऊन भांडं मी पण लपवत नाही, तू पण लपवू नकोस," गोपीनाथ म्हणाला. "कुणासाठी छापतेस?"

"काय?"

"रंगीत. दोन डब्या गेल्या. मी सोन्याच्या काट्यावर तोलून घेतलंय. मी दुपारी बाहेर पडलो की तू इथे कुणाचे फोटो छापतेस? कल्याणला कोण आहे?"

कलावती आधी पांढरी पडली, मग लाल झाली. रडेल असं गोपीनाथला वाटलं होतं, पण ती रडली नाही. ती स्टुलावरून उठली.

"मी छापते? मी?" तिचा आवाज चढला. "मला वाटलं तू कधी ना कधी कबूल करशील. रविवारी येऊन, दुकान बंद करून छापतोस ते तूच ना? रंग संपतोय हे मला दिसत नाही होय रे? मी रोज त्या मशीनपुढे बसते."

"मी कशाला छापू?"

"माझे फोटो. दिवाळीत ताठ बस, ताठ बस करून काढलेस ना? त्याच्या कॉप्या काढून वाटत सुटलायस. वहिनीच्या तोंडून पण येऊन गेलं. बहीण जड झाली तर तोंडावर सांग ना! पण असं मला न विचारता, चार लोकांच्या हातात माझा फोटो..." तिला पुढे बोलवेना. "पितळेच्या भांड्यासारखी मोडीत काढतोस मला."

गोपीनाथचं बिंग फुटलं होतं. पण माणूस मोठा चलाख. दुसऱ्याच क्षणी त्याला पायाखाली घट्ट जमीन सापडली. "या मशीनवर तुझा एकसुद्धा फोटो मी काढलेला नाही."

"आईशपथ?"

"आईशपथ. या मशीनवर एकसुद्धा नाही."

शब्दन् शब्द खरा होता. कलावती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचंही तिच्यावरून लक्ष हटलं नव्हतं. शाई तर गेली होती. तू नाहीस आणि मी नाही, तर मग कोण? दोघांनाही एकमेकांचं खरं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "गोपीभाव, ह्ये काय करून दिलास मना?"

मनुबाई होती. कोळीवाड्यातली, कोपरीच्या बाजारात मासळी विकायला बसणारी. तिचा नवरा कान्हा वर्षापूर्वी गेला. त्याच्या वर्षश्राद्धासाठी तिने त्याचा तरुणपणचा फोटो मोठा करून नेला होता, तोच फ्रेमसकट तिच्या काखेत होता. तिने तो काउंटरवर आपटला.

"बग त्याच्या तोंडाकडं. शेवाळ धरलाय."

गोपीनाथने बघितलं. कलावतीनेही बघितलं. ट्यूबलाइटखाली कान्हा छान करडा दिसत होता, गालावरून सावली अगदी लोण्यासारखी उतरलेली.

"काय वाईट आहे मावशी?" गोपीनाथ म्हणाला. "उत्तम आलाय."

"हितं बरा दिसतोय. नेला तवा पन बराच व्हता. घरी ओटीवर लावला तं सून बोलली, आई, बाबा हिरवे दिसतान. आता मानसा जेवाला येतील, ती काय बोलतील? याला काय इख देऊन मारला? मना फसवतंस काय? चल, भायेर चल!"

आणि तिने फोटो उचलून खरोखरच दोघांना पायरीवर आणलं. सकाळचं ऊन पायरीवर तिरपं पडलं होतं. तिने कान्हाला उन्हात धरलं.

कान्हा हिरवा झाला. गाल हिरवट, कपाळ हिरवट, डोळ्यांखाली तर खाडीच्या धक्क्यावर भरती ओसरल्यावर दिसते तशी हिरवी ओल. गोपीनाथने फोटो पायरीच्या आत, सावलीत ट्यूबखाली नेला. करडा. बाहेर आणला. हिरवा. त्याने आपला चष्मा पुसला.

"दादा," कलावती हळूच म्हणाली, "काळ्यापांढऱ्यात हिरवा आला कुठून?"

तिने आत जाऊन निगेटिव्ह बघायचं भिंग आणलं, पायरीवर बसली आणि कान्हाच्या गालावर भिंग ठेवून डोळा लावला. भिंग कपाळावर नेलं, पुन्हा गालावर आणलं. मग भिंग तसंच धरून ती बाजूला सरकली. "बघ."

गोपीनाथने वाकून डोळा लावला. गालावर करडा रंग नव्हताच. निळे ठिपके होते, गुलाबी होते, पिवळे होते, शेजारी शेजारी, रांगोळीचे रंग सांडल्यासारखे. त्यांच्यात काळा ठिपका त्याला शोधूनही सापडेना. लांबून तीन रंग मिळून करडे दिसत होते, आणि उन्हात आलं की त्यांचं संगनमत फुटत होतं.

म्हणजे ज्या लोण्यासारख्या गालावर त्याने स्वतः बोट ठेवलं होतं, तो गाल रंगांचा होता. 'फोटो' म्हटलं की तो ड्रायव्हर काळी डबी बाजूला ठेवायचा आणि रंगीत डबी ओतायचा. प्रत्येक आजोबात, प्रत्येक आजीत, गुपचूप. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गोपीनाथ सोनारापर्यंत जाऊन आला, आणि चोर त्याच्याच हुकुमावरून, त्याच्याच डोळ्यांसमोर, दिवसभर काम करत होता.

"काय झाला?" मनुबाईने विचारलं. "कला हसतंस?"

कलावती हसत होती. तोंडावर पदर घेऊन, पायरीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काही नाही मावशी. थांबा दोन मिनिटं, दुसरा काढून देते. दादा, डबी दे."

गोपीनाथला जेवणाचा डबा उघडावा लागला. वरचं पूड काढून खालच्या पुडातून त्याने प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली, तेव्हा मनुबाईने तोंडावर हात ठेवला. "तू शाई खातंस?"

रंगीत डबी खाचेत बसली, दिवा लुकलुकायचा थांबला. मग कलावतीने ड्रायव्हरची खिडकी उघडली आणि भावाकडे बघितलं. गोपीनाथने मान हलवली. तिने 'फक्त काळी शाई' निवडलं. कागद बाहेर आला. ठिपके होते, गालभर, मिरपूड भुरभुरवल्यासारखे. पण उन्हात नेला तरी काळा तो काळा आणि पांढरा तो पांढरा.

"थोडे ठिपके येणार मावशी," गोपीनाथ ओशाळून म्हणाला.

मनुबाईने फोटो दोन्ही हातांत धरला होता. तिचा आवाज एकदम उतरला. "येऊ दे. त्याच्या तोंडावर देवीचे डाग व्हतेच की. तू आदी त्याला गुळगुळीत केलास, तवाच मना वाटला, ह्यो कोन परका." ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून, नवा फोटो जुन्या फ्रेममध्ये बसवून घेऊन गेली.

दुकानात पुन्हा दोघंच राहिली. कलावती अजून मधूनच हसत होती. "सोन्याच्या काट्यावर! दादा, खरंच सोनाराकडे गेलेलास?"

"दोनदा," गोपीनाथ म्हणाला, आणि त्यालाही हसू आलं. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती. बहीण चोर नव्हती. आपलीच बहीण, आपल्यासारखीच सरळ. "चुकलो ग मी. काय काय मनात आणलं."

"तू एकटाच काय?" ती स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. आता तिच्या आवाजात नुसती माया होती. "मी पण केवढं मनात आणलं तुझ्याबद्दल. रात्री झोप लागायची नाही मला. वाटायचं, ज्याच्या घरात निवांत पाठ टेकली तोच आपल्याला दाराबाहेर काढायला बघतोय. म्हणून कल्याणला गेलेले, मैत्रीण नाही नि कुणी नाही. तिथे एक लग्नपत्रिका छापणारे आहेत, त्यांना कॉम्प्युटरवर बसायला बाई पाहिजे होती. त्यांचे नमुनेच मी इथे करून बघायचे, तू आलास की बंद करायचे. सोमवारपासून ये म्हणालेत. आपण होऊन गेलेलं बरं, तू काढण्याआधी, असं वाटलेलं. आता फोन करते त्यांना, येत नाही म्हणून."

ती फोनकडे वळली.

गोपीनाथ गप्प बसला असता तर काही बिघडत नव्हतं. आवडाबाईला निरोप धाडायचा, फोटो परत आणायचा, अळीमिळी गुपचिळी. शपथही खोटी नव्हती. कुणाला काही कळलं नसतं. पण बहिणीने रिसीव्हर उचलला आणि त्याला तिचं तोंड दिसलं. इतकं निश्चिंत तोंड त्याने तिचं लग्नाआधी बघितलं होतं. ते तोंड त्याच्यावर विश्वास ठेवून तसं झालं होतं, आणि तो विश्वास चुकीच्या माणसावर होता. जन्मभर दुसऱ्यांची खात्री करून घेणाऱ्या गोपीनाथला ते सहन होईना.

"कला, नको करू फोन."

"का?"

"फोटो दिलाय मी." त्याने प्रिंटरकडे बोट केलं. "या मशीनवरचा नाही. लॅबमधून आलेला. निळ्या साडीतला. कल्याणच्या आवडाबाईकडे. एकच दिला ग, तुझ्या भल्यासाठीच..."

कलावतीने रिसीव्हर खाली ठेवला. ती चिडली नाही, आणि तेच गोपीनाथला जड गेलं. ती प्रिंटरच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे शाईच्या बाबतीत मी चुकले," ती म्हणाली. "तुझ्या बाबतीत नाही."

"कला..."

"मघाशी पायरीवर मी कशाला हसत होते, माहितीये तुला? शाईला नाही. माझा दादा तसा नाही, म्हणून हसत होते." तिने पदराने डोळे टिपले. "तू आत्ता बोलेपर्यंत, तेवढाच वेळ टिकलं ते."

गोपीनाथने खूप काही सांगायचं ठरवलं होतं. भावाचं काळीज, लोकांची तोंडं, पुढचं म्हातारपण. त्यातलं एकही वाक्य तिच्यासमोर उभं राहीना.

"सोमवारपासून मी कल्याणला जाणार," ती म्हणाली. "राहीन अजून तुझ्याकडेच, तिकडे खोली बघेपर्यंत. इथलं राहिलेलं काम रविवारी बसून करून देईन. आणि तो फोटो तू आणायचा नाहीस. मी जाऊन आणणार. आवडाबाईचा पत्ता सांग."

ती तिथे जाऊन काय बोलेल, एकटी जाईल की कुणाला नेईल, परत कधी येईल, असे दहा प्रश्न गोपीनाथच्या जिभेवर आले. आजपर्यंत असे प्रश्न त्याने कधी गिळले नव्हते. त्याने ते गिळले आणि नुसता पत्ता सांगितला.